'मालक: सरकार' या रकान्यात काय लिहायचं? कोसोवोच्या कोळशावरचं लेखन वाचताना

समजा तुम्ही जगातल्या सरकारी कोळसा कंपन्यांचा तुलनात्मक अभ्यास करताय. एक्सेल शीट उघडलीय, रकाने पाडलेत: कंपनीचं नाव, देश, मालक, उत्पादन, कामगारांची संख्या. कोल इंडियाची ओळ पाच मिनिटांत भरून होते. देश भारत, बहुतांश मालकी भारत सरकारची. मग कोसोवोच्या 'केईके' या कंपनीची पाळी येते आणि 'देश' या दुसऱ्याच रकान्यावर हात थांबतो. थांबत नसेल तर थांबायला हवा. आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

केईके म्हणजे कोसोवोची ऊर्जा कंपनी. उघड्या खाणींतून लिग्नाइट काढायचं, शेजारच्याच दोन औष्णिक केंद्रांत जाळायचं आणि वीज विकायची, असं तिचं काम. या कंपनीवर इंग्रजीत भरपूर लेखन आहे. बँकांचे अहवाल आहेत, राज्यशास्त्रातले लेख आहेत, पर्यावरण संस्थांच्या पुस्तिका आहेत. त्यातलं बरंचसं कष्टाने केलेलं, उपयोगी लेखन आहे. तरी माझा त्यावर एक आक्षेप आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. या लेखनात 'सरकारी मालकी' ही ठरलेली गोष्ट म्हणून येते, आणि तिच्यावर चर्चा झालीच तर कोळसा कोणाचा एवढ्यापुरती होते. मालकीची दुसरी बाजू म्हणजे देणं. कामगारांचं, विस्थापितांचं, धूर घेणाऱ्यांचं देणं कोणाच्या अंगावर आहे, हा प्रश्न मात्र कुठेच धड उभा राहत नाही. वादग्रस्त प्रदेशात कोळशावर दावा सांगणारे दोन असतात. देणं आलं की दोघांचंही बोट दुसऱ्याकडे.

आधी थोडी पार्श्वभूमी

कोसोवो हा युगोस्लाव्हियातल्या सर्बिया प्रजासत्ताकाचा स्वायत्त प्रांत होता. बहुसंख्य लोक अल्बेनियन, अल्पसंख्य सर्ब. 1999 च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 1244 केला आणि प्रांताचा कारभार 'अनमिक' या संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे गेला. 17 फेब्रुवारी 2008 रोजी कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केलं. अमेरिका आणि युरोपीय संघातल्या बहुतेक देशांनी मान्यता दिली. सर्बिया, रशिया, चीन यांनी दिली नाही. भारतानेही दिलेली नाही. 22 जुलै 2010 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की स्वातंत्र्याची घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही. हे वाक्य नीट वाचा. कोसोवो हे राज्य आहे की नाही, यावर न्यायालयाने उत्तर दिलं नाही, कारण प्रश्नच तसा विचारलेला नव्हता. अनेक लेखांत या मताचा हवाला देऊन 'न्यायालयाने मान्यता दिली' असं लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे.

आता कोळसा. राजधानी प्रिश्तिनाच्या पश्चिमेला जमिनीखाली लिग्नाइटचे प्रचंड थर आहेत. साठा किती, तर कुठे 11 अब्ज टन दिसतं, कुठे 12, कुठे 14 अब्जांच्या वर. फरकाचं कारण साधं आहे. कोणी जमिनीतला एकूण साठा मोजतं, कोणी काढता येण्याजोगा. आकडा उचलण्याआधी तो कशाचा आहे ते पाहा. 'कोसोवो ए' या वीजकेंद्राचा पहिला संच 1962 चा, 'कोसोवो बी'चे दोन संच 1983 आणि 1984 चे. कोसोवोची 90 टक्क्यांहून अधिक वीज बराच काळ याच दोन केंद्रांतून येत होती. म्हणजे ही कंपनी बंद पडली तर देश अंधारात, असा सरळ हिशोब.

एक खाण, दोन कंपन्या

'मालक' या रकान्याचा इतिहास पाहू. युगोस्लाव्हियाच्या काळात मोठे उद्योग 'सामाजिक मालकी'चे होते. ही आपल्याकडच्या सरकारी मालकीसारखी गोष्ट नव्हे. कागदोपत्री उद्योग समाजाचा आणि चालवायचा कामगारांनी. 1989 मध्ये कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली गेली. त्यानंतरच्या काळात तिथल्या उद्योगांत सर्बियाने आपलं व्यवस्थापन बसवलं आणि अल्बेनियन कामगारांना मोठ्या प्रमाणावर कामावरून काढलं. सगळी क्षेत्रं मिळून ही संख्या एक लाखाहून अधिक सांगितली जाते. खाणी आणि वीजकेंद्रं सर्बियाच्या सरकारी वीज कंपनीकडे, ईपीएसकडे गेली.

जून 1998 मध्ये कोसोवो मुक्ती सेनेने बेलाचेवात्सची कोळसा खाण ताब्यात घेतली. सुमारे आठवड्याने सर्बियन फौजांनी ती परत घेतली. त्या काळात नऊ सर्ब माणसं पळवली गेली, त्यात खाणीवर कामाला निघालेले कामगार होते. एका वर्षाने, जून 1999 मध्ये, सर्बियन सैन्य गेलं, त्याच्या मागोमाग सर्ब कर्मचारी गेले आणि काढलेले अल्बेनियन कामगार परत आले. अनमिकने 2002 मध्ये 'कोसोवो ट्रस्ट एजन्सी' स्थापन केली आणि असे उद्योग तिच्या देखरेखीखाली ठेवले. इथे शब्दावर लक्ष ठेवा: देखरेख. मालकी कोणाची, हा प्रश्न मुद्दाम पुढे ढकललेला होता. 2008 मध्ये कोसोवोच्या विधानसभेने सार्वजनिक उद्योगांचा कायदा केला आणि केईके 'कोसोवो प्रजासत्ताकाच्या मालकीची' झाली.

आता दुसरी बाजू. 1999 नंतरही ईपीएसच्या प्रकाशनांत कोसोवोतल्या खाणी आणि वीजकेंद्रं यांच्या उपकंपन्या अनेक वर्षं येत राहिल्या. शेजारी तळटीप असायची की जून 1999 पासून ईपीएस कोसोवोतल्या आपल्या क्षमता चालवत नाही. या कंपन्यांच्या हजेरीपटावर हजारो माणसं होती आणि पगारही निघत होते. म्हणजे एकाच खड्ड्याच्या दोन सरकारी कंपन्या. एक कोळसा काढत होती, दुसरी कागदावर होती. पहिलीकडे उत्पादन होतं. दुसरीकडे कर्मचारी होते, उत्पादन शून्य.

तुम्ही कामगारामागचं उत्पादन काढायला बसलात आणि कर्मचारी संख्या एका स्रोतातून, टनांचा आकडा दुसऱ्यातून उचललात, तर काय होईल विचार करा. सॉफ्टवेअर तुम्हाला अडवणार नाही, गुणोत्तर निमूट काढून देईल. ते कुठल्याच कंपनीचं नसेल एवढंच.

पहिला गठ्ठा: बँका आणि सल्लागार

आता लेखनाकडे येऊ. पहिला गठ्ठा आंतरराष्ट्रीय बँका, देणगीदार आणि सल्लागार कंपन्यांच्या अहवालांचा. आकड्यांसाठी हाच सगळ्यांत उपयोगी. संचांची वयं, गळती, दरांची रचना, सगळं व्यवस्थित मांडलेलं असतं. या गठ्ठ्यातला आवडता शब्द आहे 'व्यावसायिक तूट', म्हणजे पुरवलेली पण पैसे न मिळालेली वीज. 2000 च्या दशकात केईकेचं हे दुखणं फार मोठं होतं. उपाय म्हणून कंपनीने 'एबीसी' धोरण आणलं. ज्या भागात बिलवसुली चांगली तो 'ए', तिथे वीज जास्त. वसुली वाईट तो 'सी', तिथे अंधार जास्त.

अहवालांची भाषा इथे 'भरणा शिस्त' अशी असते. आता नीट बघा, या एका शब्दाच्या पोटात किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, गरिबी: युद्धानंतर लोकांकडे पैसेच नव्हते. दोन, ढिसाळ कारभार: मीटर नाहीत, नोंदी नाहीत, चोरी आहे. तीन, राजकीय नकार: उत्तरेकडच्या चार सर्बबहुल नगरपालिकांत लोक प्रिश्तिनाच्या कंपनीचं बिल भरत नव्हते, कारण बिल भरणं म्हणजे ते सरकार मान्य करणं. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यावर अनुदान, दुसऱ्यावर मीटर, तिसऱ्यावर वाटाघाटी. एका टक्केवारीत तिन्ही कोंबली की वीज तोडणं हा एकच उपाय सुचतो. 'सी' भागात नेमाने बिल भरणारं घरही शेजाऱ्यांबरोबर अंधारात बसायचं, ही गोष्ट टक्केवारीत दिसतच नाही.

उत्तरेतली न भरलेली वीज फुकट नव्हती, हेही लक्षात घ्या. 2017 पर्यंत तिचा खर्च कोसोवोतल्या बाकीच्या ग्राहकांच्या बिलांत घातला जात होता. म्हणजे राज्य कोणाचं या वादाचा हप्ता प्रिश्तिनातलं एखादं साधं घर भरत होतं. 'सरकारी कंपनीची अकार्यक्षमता' या शीर्षकाखाली हे वाक्य बसत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा 'राजकीय जोखीम' नावाच्या शेवटच्या परिच्छेदात टाकलं जातं. माझं म्हणणं असं की केईकेच्या बाबतीत तो शेवटचा परिच्छेद पहिला असायला हवा.

दुसरा गठ्ठा: 'युद्ध कोळशासाठीच झालं'

हा गठ्ठा वाचायला जोरदार असतो. मांडणी अशी: कोसोवोत जगातल्या मोठ्या लिग्नाइट साठ्यांपैकी एक आहे, त्रेप्चाला शिसं आणि जस्त आहे, म्हणून पाश्चात्त्य देशांनी युद्ध करून ही संपत्ती हिसकावली. संशोधनाच्या सुरुवातीला अशी मांडणी फार पटते, कारण तिच्यात सगळ्याचं उत्तर मिळतं.

तपासून पाहू. लिग्नाइट हा दूरवर विकायचा कोळसा नव्हे. कोसोवोच्या लिग्नाइटमध्ये 40 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, उष्णता कमी. रेल्वेने किंवा जहाजाने लांब नेणं परवडत नाही. खाणीच्या तोंडाशी वीजकेंद्र असेल तरच त्याला किंमत. तेव्हा हिसकावून न्यायचं असेल तर वीजच न्यायला हवी, आणि त्यासाठी नवं केंद्र बांधायला हवं. प्रत्यक्षात काय झालं? नव्या केंद्राची योजना सुरुवातीला 2000 मेगावॉटच्या पुढची होती. होता होता ती 500 मेगावॉटवर आली. डिसेंबर 2017 मध्ये काँटूरग्लोबल या कंपनीशी करार झाला. ऑक्टोबर 2018 मध्ये जागतिक बँकेने पाठिंबा काढून घेतला. तिचे तेव्हाचे अध्यक्ष जिम योंग किम यांनी कारण दिलं की अक्षय ऊर्जा आता कोळशापेक्षा स्वस्त पडते. मार्च 2020 मध्ये काँटूरग्लोबलनेही माघार घेतली. युद्धानंतरच्या दोन दशकांत नवं कोळसा केंद्र काही उभं राहिलं नाही. एवढं करून हिसकावलेली संपत्ती अशी पडून राहते होय?

पण या गठ्ठ्याला एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. मालकीचा प्रश्न विचारणारा हाच. सर्बियाच्या बाजूने पाहिलं तर दशकानुदशकं भांडवल घातलेली केंद्रं एका आंतरराष्ट्रीय प्रशासनाने ताब्यात घेतली, आणि हिशोब कधी झालाच नाही. ही तक्रार निराधार नाही. फक्त तिच्याबरोबर 1990 नंतर कामावरून काढलेल्या कामगारांचा हिशोबही मागावा लागतो, आणि तिथे हा गठ्ठा गप्प बसतो.

तिसरा गठ्ठा: धूर आणि आकडा

तिसरा गठ्ठा पर्यावरणाचा. कोसोवो ए आणि बी यांची राख आणि धूर हा खरा, रोजचा प्रश्न आहे, आणि तो जगासमोर मांडण्याचं काम स्थानिक आणि युरोपीय संस्थांनी केलं. माझा आक्षेप एका आकड्याच्या वापरावर आहे. जागतिक बँकेच्या 2013 च्या एका पर्यावरणीय अहवालात अंदाज दिला होता की हवेच्या प्रदूषणामुळे कोसोवोत वर्षाला 835 अकाली मृत्यू होतात. हा अंदाज हवेच्या प्रदूषणाचा होता. त्यात वीजकेंद्रं आली, तशी वाहनंही आली, आणि हिवाळ्यात घरोघरी जळणारं लाकूड आणि लिग्नाइटही आलं. पुढे बातम्यांतून फिरता फिरता याचं 'कोळशाच्या वीजकेंद्रांमुळे 835 मृत्यू' असं झालं.

कोणी म्हणेल, उद्देश चांगला आहे, एवढं काय मोठंसं? मोठं आहे. मृत्यू सगळे वीजकेंद्रांच्या नावावर लावले तर घरातल्या शेगडीच्या धुराचा प्रश्न नाहीसा होतो. ती शेगडी पेटते कारण वीज महाग असते किंवा नसतेच, आणि वीज नसते त्यामागे वरचं सगळं राजकारण असतं. शिवाय उद्या एखाद्या कुटुंबाने भरपाईसाठी दावा केला, तर समोरचा वकील पहिला हल्ला याच आकड्यावर करेल. चुकीच्या लेबलाचा आकडा ज्यांच्यासाठी वापरला, त्यांनाच तो दगा देतो. म्हणून मूळ अहवाल उघडायचा, तक्त्याचं शीर्षक वाचायचं आणि मगच उद्धृत करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

देणं कोणाचं?

आता मूळ मुद्दा. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, हादे गाव. मिराश खाणीच्या कडेला असलेलं हे गाव. खोदकाम पुढे सरकत गेलं, उतार ढासळण्याची भीती निर्माण झाली आणि 2004-05 मध्ये तिथली दीडशेच्या आसपास कुटुंबं तातडीने हलवली गेली. काही कुटुंबं त्यानंतर बरीच वर्षं तात्पुरत्या घरांत राहिली. आता जबाबदार कोण ते ठरवा. उतार एका पावसाळ्यात धोक्याचा होत नाही. ते खोदकाम युगोस्लाव्ह काळातलं, मग ईपीएसच्या काळातलं, मग केईकेच्या काळातलं. हलवलं तेव्हा सर्वोच्च अधिकार अनमिकचा होता, हाताखाली हंगामी सरकार होतं, आणि स्वतंत्र राज्य अजून जाहीरही झालेलं नव्हतं. पुढे नव्या वीज प्रकल्पाच्या निमित्ताने लोकांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या. गावकऱ्यांना आपल्या भरपाईसाठी वॉशिंग्टनमधल्या मंडळाचं दार ठोठवावं लागतं, यावरूनच 'मालक' हा रकाना किती पोकळ आहे ते कळतं.

दुसरं, निवृत्त कामगार. अनमिकच्या सुरुवातीच्या काळात केईकेने काही कर्मचाऱ्यांना मुदतीआधी निवृत्त केलं आणि दरमहा रक्कम देण्याचा करार केला. नवी निवृत्तिवेतन व्यवस्था चालू होईपर्यंत ही रक्कम मिळायची होती. 2006 मध्ये कंपनीने पैसे थांबवले, व्यवस्था आली असं म्हणून. कामगारांचं म्हणणं, करारात म्हटलेली व्यवस्था ही नव्हेच. 49 माजी कर्मचाऱ्यांचं प्रकरण कोसोवोच्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि 2010 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायालयाने त्यात मालमत्तेच्या हक्काचा भंग पाहिला. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो, कारण 'आधीचं प्रशासन वेगळं होतं' या सबबीवर कराराचं देणं बुडत नाही, हे त्यातून दिसतं. केईकेवरच्या लेखनात तो क्वचितच भेटतो. कायद्याचे लोक तो वाचतात, ऊर्जेचे लोक वाचत नाहीत.

तिसरं उदाहरण माझ्याच मांडणीला थोडं आडवं जातं, म्हणून ते सांगायलाच हवं. ईपीएसने कोसोवोतून गेलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षं पगार दिले, हे वर आलंच आहे. म्हणजे देणं सरसकट सगळ्यांनी टाळलं असं नाही. पण ते कोणाला मिळालं ते बघा. सर्बियाने देणं पाळलं ते 1999 मध्ये निघून गेलेल्यांचं. 1990 च्या सुमारास काढलेल्यांचं पाळलं नाही. दावा भूमीवर आणि देणं फक्त आपल्या माणसांचं, असा हा प्रकार. दोन्ही बाजूंचे हिशोब शेजारी मांडले तरच तो दिसतो.

सहा मिनिटं मागे पडलेली घड्याळं

हा सगळा कागदी वाद आहे असं वाटत असेल तर 2018 ची गोष्ट ऐका. युरोपातल्या ओव्हनवरची, रेडिओवरची बरीच घड्याळं विजेच्या वारंवारतेवर चालतात. ती सेकंदाला 50 आवर्तनं गृहीत धरतात. जानेवारीच्या मध्यापासून ही घड्याळं हळूहळू मागे पडू लागली आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत जवळपास सहा मिनिटं मागे गेली. युरोपच्या वीज पारेषण कंपन्यांच्या संघटनेने कारण सांगितलं: कोसोवो जेवढी वीज वापरत होतं तेवढी तयार करत नव्हतं, आणि तो फरक भरून काढण्याची जबाबदारी ज्या सर्बियावर होती तो भरून काढत नव्हता. एकूण 113 गिगावॉट-तास वीज कमी पडली आणि अख्ख्या जाळ्याची वारंवारता किंचित उतरली.

कागदावर कोसोवोचं जाळं सर्बियाच्या नियंत्रण क्षेत्रात, प्रत्यक्षात कारभार प्रिश्तिनाच्या पारेषण कंपनीचा. दोघांचाही अधिकारावर दावा होता. तूट मात्र कोणीच आपली मानली नाही. संघटनेने तेव्हा जाहीरपणे विचारलं की या नुकसानीची भरपाई कोण करणार. हादेच्या लोकांचाही हाच प्रश्न. फरक एवढाच की घड्याळं युरोपभर चुकली म्हणून बातमी झाली. एप्रिल 2020 मध्ये संघटनेने कोसोवोला वेगळं नियंत्रण क्षेत्र म्हणून मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ती व्यवस्था अमलात आली. राज्य म्हणून मान्यतेचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. विजेच्या तुटीला मात्र मालक मिळाला.

पाण्याचीही तीच कथा. या केंद्रांना थंड ठेवणारं पाणी उत्तरेकडच्या गाझिवोदा जलाशयातून कालव्याने येतं. 29 नोव्हेंबर 2024 रोजी त्या कालव्यात स्फोट झाला आणि दोन्ही केंद्रांच्या पाण्याची चिंता उभी राहिली. खाणीच्या मालकीचा अभ्यास करणाऱ्याने कालव्याकडेही बघायला हवं.

मग तुम्ही काय करायचं?

'मालक' हा रकाना पुसून त्याजागी पाच रकाने करा.

1. कायदेशीर हक्क कोण सांगतं? एकाहून अधिक दावेदार असतील तर सगळे लिहा, प्रत्येकाच्या कायद्याच्या वर्षासह.
2. संचालक मंडळ कोण नेमतं?
3. पगार कोण देतं आणि कोणाला?
4. पैसे कोण गोळा करतं आणि कुठे गोळा करता येत नाहीत?
5. नुकसान झालं तर दाद कुठे मागता येते? न्यायालय, लोकपाल, बँकेचं मंडळ, की कुठेच नाही?

हे रकाने वर्षागणिक भरा. 1988, 1995, 2001 आणि 2010 या चार वर्षांच्या ओळी भरल्यात तर केईकेच्या चार वेगळ्या कंपन्या समोर येतील. पाचवा रकाना भरायला सगळ्यांत अवघड जाईल. तिथेच तुमचा संशोधन प्रश्न असण्याची शक्यता जास्त.

शोधताना नावांचीही काळजी घ्या. एकाच ठिकाणाला सर्बियन आणि अल्बेनियन अशी दोन नावं असतात, कधी तिसरंही. वीजकेंद्रांचं गाव सर्बियनमध्ये ओबिलिच, अल्बेनियनमध्ये ओबिलिक, आणि आता कास्त्रिओत. बेलाचेवात्स आणि बार्ध ही एकाच खाणीची नावं. एकाच नावाने शोध घेतलात तर निम्मं साहित्य सुटेल, आणि सुटलेलं निम्मं नेहमी एकाच बाजूचं असेल. हा पूर्वग्रह तुमच्या मनात नसतो. शोधाच्या चौकटीतून तो आत येतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

भारतातून प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक जादा मुद्दा. आपल्या देशाची कोसोवोला मान्यता नाही. मग प्रबंधात 'कोसोवो देश' लिहायचं की 'सर्बियाचा प्रांत'? बऱ्याच युरोपीय कागदपत्रांत कोसोवोच्या नावापुढे तारांकन असतं आणि खाली टीप, की या उल्लेखाने दर्जाबद्दलच्या कोणत्याही भूमिकेला बाधा येत नाही. तशी टीप पहिल्या प्रकरणात घाला आणि पुढे फक्त 'कोसोवो' लिहा. पण टीप घातली म्हणजे काम झालं असं समजू नका. टीप तुम्हाला वादापासून वाचवते, विश्लेषण करून देत नाही. ते पाच रकाने भरावेच लागतात.

एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. प्रत्येक कंपनीसाठी असे पाच रकाने करत बसलं तर पन्नास देशांची तुलना कधी होणार? माझं उत्तर असं की सगळ्यांसाठी करू नका. जिथे पाचही उत्तरं एकाच सरकारकडे जातात तिथे 'मालक: सरकार' पुरेसं आहे. जिथे ती फाकतात ती ओळ वेगळ्या रंगाने ठेवा आणि सरासरीत घालण्याआधी दोनदा विचार करा. मात्र 'अपवाद' म्हणून ती काढून टाकू नका. ती ओळ काढली तर तुमचा तक्ता सुबक होईल, आणि त्यातून हादेची दीडशे कुटुंबं आणि ते 49 निवृत्त कामगार दुसऱ्यांदा बेदखल होतील. पहिल्यांदा कोणी केलं यावर वाद आहे. दुसऱ्यांदा मात्र ते आपण केलेलं असेल.